केकला लावलेला कान

“मग कमी काय आहे माझ्या केकमध्ये, तेवढं तरी सांगा ना माई!”

सगुणामाईंनी खोक्याचं झाकण पुन्हा लावलं आणि खोकं हलकेच बाजूला सारलं.

खोक्यात काय नव्हतं! फिकट जांभळ्या क्रीमची शेवंती, एकेक पाकळी सुटी. कडेने मोत्यांची रांग. बाजू अशा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी. साताऱ्याहून घाट चढून येताना कुंदाताईंनी ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

“सुरेख आहे,” माई म्हणाल्या.

“सुरेख आहे ते मला माहीत आहे.”

म्हातारी गालात हसली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला उठली.

आता कुंदाताई शेंडे म्हणजे कुणी ऐऱ्यागैऱ्या नव्हेत, बरं का. हौस म्हणून केक करायला लागल्या आणि सगळ्या आळीला वेड लावलं. शनिवारी दुपारी घरी बायका जमत, कुंदाताई शिकवत. मैदा चाळून घ्या. लोणी आणि अंडी आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवा, गारठलेलं लोणी फुलत नाही. क्रीम मात्र बर्फावर ठेवून फेटा. आणि केक पुरता गार व्हायच्या आत सजवायला गेलात तर याद राखा, सगळी फुलं ओघळून ताटलीत येतील! असं बजावायच्या. त्यांच्यापुढे चुकायची कुणाची छाती नव्हती.

आणि त्याच कुंदाताई आज पाचगणीच्या पल्याड, धुक्यात बुडालेल्या एका बसक्या घरात पाटावर बसून विचारत होत्या, कमी काय म्हणून.

माईंकडे असं बऱ्याच जणी येत. घरोघरी ओव्हन नव्हते त्या काळात वाळूच्या पातेल्यात केक कसा भाजायचा, हे त्या भागातल्या बायकांना माईंनी शिकवलं. आता वय झालं, शिकवणं सुटलं. तरी कुणाचा केक बसायला लागला, की ती डोंगर चढून येई. माई कधी शिकवत, कधी नुसता चहा पाजून परत पाठवत. त्यांचा काही नेम नसे.

घराला दारं होती, पण ती लावायची पद्धत नव्हती. धुकं पुढच्या दाराने येई, स्वयंपाकघरात जरा रेंगाळे आणि मागच्या दाराने निघून जाई. पाहुण्यासारखं.

“कोण काय म्हणालं?” माईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

“कुठं काय… कुणी काही नाही.”

“नुसती फुलं दाखवायला कुणी घाट चढत नाही, बाई.”

कुंदाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“लेक म्हणाली. ऋजुता. रविवारी वाढदिवस आहे तिचा. म्हणते, ‘आई, या वेळी केक बाहेरून मागवते गं, तू कशाला दमतेस?’ दमतेस, म्हणे! तिच्या पहिल्या वाढदिवसापासून मी करतेय. ससा केला, बाहुली केली, आगगाडी केली. एका वर्षी ताप अंगावर काढून केला. आणि आता हिला माझी काळजी आली!”

“मग दमू नकोस.”

“तसं नाही हो माई…”

चहा उकळला. माईंनी तो गाळला, कप पुढे केला. कुंदाताईंनी कप हातात नुसता धरून ठेवला.

“मागच्या महिन्यात घरात पुतण्याच्या बाळाचं बारसं होतं. केक मीच केला होता. सगळी वाहवा करत होती. नंतर मी कचऱ्याचा डबा रिकामा करायला घेतला, तर त्यात ऋजुताच्या ताटलीतला तुकडा. अख्खाच्या अख्खा. वरून कागदी रुमाल दाबून ठेवलेला… मला दिसू नये म्हणून.”

कुंदाताईंनी कप खाली ठेवला.

“माझी पोरगी माझा केक लपवून टाकून देते, माई. तोंडावर म्हणते, ‘मस्त झालाय.’ वाईट झालाय म्हणाली असती तर भांडले तरी असते.”

माईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या,

“एक केक कर. इथं. आत्ता.”

“आत्ता?”

“साधा. क्रीम नाही, रंग नाही, फुलं नाहीत.”

“इसेन्सची बाटली आहे माझ्या पिशवीत.”

“राहू दे पिशवीतच.”

कुंदाताई उठल्या. या परीक्षेला त्या घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लोणी आणि पिठीसाखर फेसून फेसून पांढरीशुभ्र केली. अंडी एकेक करून घातली. मैदा चाळून घेतला आणि मिश्रण खालून वर अलगद मिसळलं, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसं. माई बघत होत्या. एकदाही टोकलं नाही. हात पटाईत होता, त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

मोठ्या पातेल्यात वाळू तापली. तिच्यावर केकचं भांडं ठेवलं, वर झाकण घातलं. कुंदाताईंनी सवयीने मोबाईल काढला, घड्याळ लावायला.

“तो इकडे दे,” माईंनी हात पुढे केला.

मोबाईल नाचणीच्या डब्यात गेला. डब्यावर झाकण पडलं.

“अहो, मग वेळ कशी कळणार?”

“वेळेचं काय करायचंय? चुलीवरचा जाळ काय रोज सारखा असतो?”

“पण केक झाला हे…”

“ते कसं कळतं, तुला नाही माहीत?”

कुंदाताईंनी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

“माहीत नसायला काय झालं! वासावरनं कळतं.”

“मग झालं तर. वास आला, की मला हाक मार. मी बाहेर ओसरीवर पडते जरा. तोवर झाकण उघडायचं नाही हं. मध्येच वारा लागला तर मधोमध बसेल.”

आणि म्हातारी गेली. ओसरीवर घोंगडी टाकून आडवी झाली. धुक्यात तिचे पाय तेवढे दिसत होते.

कुंदाताई पातेल्यासमोर बसून राहिल्या.

…

घरात फार शांत होतं. धुकं आलं. आधी दाराची चौकट पुसट झाली, मग फळीवरचे डबे, मग पातेल्याच्या कडा. लांब कुठंतरी एक गाय हंबरली, का कुणी कुणाला हाक मारली, काही कळेना. कुंदाताईंना वाटलं, आपण घाट चढून आलोच नाही. साताऱ्याला आपल्या घरी निजलोय, आणि हे सगळं स्वप्नात चाललंय. जाग आली की स्वयंपाकघरातून केकचा वास येईल, आणि शाळेच्या गणवेशातली ऋजुता विचारेल, “आई, झाला का गं?”

त्यांनी खोल श्वास घेतला.

काही नाही.

पुन्हा घेतला. छातीत धुकं भरलं, गार, ओलं. पण वास… काही नाही.

झाकणाकडे हात गेला आणि परत आला. शब्द दिला होता. जळला असेल का? कच्चा असेल का? देवा रे, या म्हातारीपुढे लाज जायची वेळ आणू नकोस!

उंबऱ्यात माईंची मांजर निजली होती. बत्ताशी तिचं नाव, सायीच्या रंगाची, गुबगुबीत. कुंदाताईंची नजर तिच्यावर गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला तर नाक आहे!

मग काय! कुंदाताई पातेलं सोडून मांजरीकडे टक लावून बसल्या. बत्ताशीने कान हलवला. यांनी श्वास रोखला. बत्ताशीने कूस बदलली. यांचा जीव टांगणीला. धुकं येत होतं, जात होतं, आणि एक बाई एका मांजरीच्या नाकावर आपली सगळी अब्रू टांगून बसली होती.

बऱ्याच वेळाने बत्ताशीने डोळे उघडले. मान वर केली. नाकपुड्या थरथरल्या. ती उठली, पाठीची कमान केली आणि हवेत नाक धरून मियाव केलं.

“माई! झाला!” कुंदाताई ओरडल्याच. “वास आला, केक झाला!”

ओसरीवरून माई उठून आल्या. दारात उभ्या राहिल्या.

“आला वास?”

“हो, आला की!”

“कसला?”

“कसला म्हणजे… केकचा. खरपूस. लोण्याचा. अगदी घरभर सुटलाय.”

माईंनी दारातून अंग बाजूला केलं.

धुक्यातून एक बाई वर येत होती. आधी डोक्यावरची पाटी दिसली, मग बाई दिसली. तिने पायरीवर पाटी टेकवली, कमरेवर हात ठेवून दम घेतला.

“सुकट घ्या वो माई! बोंबील बी हाईत, चांगलं वाळल्यालं…”

बत्ताशी शेपटी ताठ करून पाटीभोवती घिरट्या घालायला लागली. सुकटाचा तो वास! आंधळ्यालाही वाट दाखवील असा. सबंध डोंगर त्या वासाने भरला असेल. घर, ओसरी, धुकं, सगळं.

कुंदाताईंनी पाटीकडे बघितलं. मांजरीकडे बघितलं. मग माईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

“आज नको गं,” माई सुकटवालीला म्हणाल्या. “परवा ये.”

सुकटवालीने बत्ताशीला एक बारीक बोंबील टाकला, पाटी डोक्यावर चढवली आणि धुक्यात उतरून गेली.

…

“कधीपासून?” माईंनी विचारलं.

कुंदाताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या महिन्यांचं दाबून ठेवलेलं रडू आलं, ते हुंदक्यांनीच आलं.

“गेल्या साली ताप आला होता… ताप उतरला, नाक गेलं ते गेलंच. फुलाचा येत नाही, फोडणीचा येत नाही. ऋजुता जवळ येऊन बसते, तिच्या केसांचासुद्धा येत नाही हो माई! डॉक्टर म्हणतात, येईल, कदाचित नाही येणार. धीर धरा.”

“घरात कुणाला सांगितलंस?”

“कुणालाही नाही.”

“का?”

“केकवाली कुंदा म्हणतात मला! केकवालीला वास येत नाही म्हटल्यावर उरलं काय माझ्यात? शनिवारच्या बायका तोंडाला पदर लावून हसतील. आणि लेक म्हणेल, आई, आता पुरे कर, सोड ते केक. तेवढंच होतं हो माझं. तेवढंच माझं स्वतःचं होतं.”

माई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. रडू दिलं.

“इसेन्स किती घालतेस?”

“पूर्वी अर्धा चमचा घालायचे… आता घातला तरी मला काही लागत नाही. वाटतं, कमी पडला. मग आणखी घालते. तरी काही नाही. मग आणखी…”

“अगं, तू घाटाच्या खालच्या वळणावर होतीस ना, तेव्हाच तुझा केक माझ्या घरी येऊन पोचला होता.”

कुंदाताईंना रडता रडता हसू फुटलं. मग हसता हसता परत रडू आलं.

“तोंडात धरवत नसेल पोरीला,” त्या पुटपुटल्या. “नुसता इसेन्सचा भपकारा येत असेल. तरी म्हणायची, मस्त झालाय… आणि मी मेली तिच्यावरच रुसले!”

…

“ऊठ,” माई म्हणाल्या. “झाकण काढ.”

“आता काय उपयोग?”

“काढ.”

वाफ उसळली आणि धुक्यात मिसळून गेली. केक फुगून आला होता, वरून पिवळसर. माईंनी सांडशीने भांडं उचललं, फडक्यात धरलं आणि कुंदाताईंच्या तोंडाजवळ नेलं. तोंडाजवळ म्हणजे, कानाजवळ.

“ऐक.”

“काय ऐकू?”

“बोलू नकोस. ऐक.”

कुंदाताईंनी कान जवळ नेला. गालाला धग लागली. आधी काहीच ऐकू आलं नाही, आपल्याच रक्ताची धडधड तेवढी. मग…

मग आतून कुणीतरी कुजबुजत होतं.

बारीक, भरभर, एकात एक गुंतलेले आवाज. असंख्य बुडबुडे फुटत होते, चुरचुरत होते, जणू आत इवल्या बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं आणि सगळ्या एकदमच बोलत होत्या.

कुंदाताईंचे डोळे मोठे झाले.

“बोलतोय!”

“बडबडतोय. अजून ओला आहे आत. ठेव परत.”

भांडं वाळूवर गेलं. झाकण पडलं. आता कुंदाताई मांजरीकडे बघत नव्हत्या. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. धुकं चेहऱ्यावरून जात होतं. माई मध्येच एखादं लाकूड पुढे सारत, मध्येच मागे ओढत.

पुन्हा भांडं निघालं, पुन्हा कान गेला. या खेपेला आत गर्दी नव्हती. बायका उठून घरी चालल्या होत्या. एखादीच उंबऱ्यात थांबून काहीतरी सांगत होती, हळू, थांबत थांबत…

“अगदी गप्प व्हायची वाट बघू का?” कुंदाताईंनी दबक्या आवाजात विचारलं. मोठ्याने बोललो तर ती उंबऱ्यातली निघून जाईल, असं त्यांना वाटत होतं.

“पुरता गप्प झाला तर गेला. कोरडा भुसा होईल. थोडं बोलणं शिल्लक असतानाच उतरवायचा.”

“मग आत्ता?”

“मला काय विचारतेस? कान तुझा.”

कुंदाताईंनी आणखी थोडं ऐकलं. ओठ हलत होते, जणू त्या आतल्या आवाजाला त्या हुंकार देत होत्या. मग त्यांनी भांडं माईंच्या हातून घेतलं आणि फळीवर ठेवलं.

“झाला,” त्या म्हणाल्या.

तो ‘झाला’ मघासारखा ओरडून म्हटलेला नव्हता. स्वतःशीच म्हटलेला होता.

…

भांडं निवलं, तेव्हा कडेने सुरी फिरवून माईंनी केक ताटात उलटा केला. मधोमध किंचित बसला होता. दोनदा झाकण उघडलं होतं, बसणारच.

“इथं क्रीम भरलं ना, की दिसणार नाही,” कुंदाताई पटकन म्हणाल्या. सवय जाते का कुठं!

माईंनी नुसतं बघितलं.

“बरं, बरं. राहू दे.”

माईंनी हातानेच एक तुकडा मोडला आणि कुंदाताईंच्या पुढे धरला.

“खा.”

“मला काय लागणार त्यात?”

“खा तर.”

कुंदाताईंनी खाल्ला. हळूहळू चावला. इतके महिने त्या आपला केक चाखायच्या, त्यात काय लागत नाही ते शोधायला. आज शोधायला काही नव्हतं.

“गोड लागतो,” त्या म्हणाल्या. “गोड कळतं मला. आणि जरासं मीठ.”

“आणि?”

“मऊ आहे. अजून ऊन आहे आत. कडेला कुरकुरीत लागतोय.”

“आणखी काय पाहिजे मग?”

कुंदाताईंनी दुसरा तुकडा आपल्या हाताने घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही केकबरोबर तोंडात जात होतं. मीठ बहुधा त्याचंच होतं. पण माईंनी ते काढून दाखवलं नाही.

“ठरलं आता,” कुंदाताई नाक पुसत म्हणाल्या. “रविवारी असाच करते. इसेन्सचं नाव नको.”

“का? लेकीला आवडत नाही?”

“आवडतो की! व्हॅनिला म्हणजे जीव तिचा. लहानपणी बाटलीचं बूच हुंगत बसायची.”

“मग घाल.”

“किती घालू, माई? ते मला आता कोण सांगणार?”

माई उठल्या. कुंदाताईंच्या पिशवीतून त्यांनी ती बाटली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं एकेक करून बाटलीवर मिटली.

“ही पोरीच्या हातात दे. ती घालेल.”

“ऋजुता?” कुंदाताई दचकल्याच. “अहो, तिला मी केक करताना ओट्यापाशी कधी उभी केली नाही. धांदरट आहे ती, सांडलवंड करते. बाजूला हो, बाजूला हो, हेच म्हणत आले मी तिला…”

बोलता बोलता त्या थांबल्या.

धुकं परत आलं होतं. फळीवरचे डबे पुसट झाले. खोक्यातली शेवंती कोपऱ्यात कुठंतरी होती, ती आता दिसत नव्हती.

“म्हणजे आधी तिला सांगावं लागेल,” कुंदाताई म्हणाल्या. “नाकाचं.”

“लागेल.”

“चिडेल ती माझ्यावर. इतके दिवस लपवलं म्हणून.”

“चिडू दे.”

“रडेल.”

“रडू दे.”

कुंदाताई बाटलीकडे बघत राहिल्या. उलटी केली, सुलटी केली. आतला पिवळा थेंब काचेवरून सावकाश उतरला.

“तिला चमचा तरी धरता येतो का नीट, कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या. मग अगदी काकुळतीने त्यांनी विचारलं, “आणि माई… तिने जास्त घातला तर?”

माई खळखळून हसल्या. हसता हसता त्यांनी केकचा आणखी एक तुकडा मोडला आणि कुंदाताईंच्या हातावर ठेवला.

“घालू दे की! तुला कुठं कळणार आहे?”